भूमिकेत शिरण्याची साधना : दिलीपकुमार यांचा अभिनय

सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग मात्र आणता येत नाही, अशी म्हण आपल्याकडे प्रचलित आहे. इतर सोंगे आणणे सोपे असते, असे या म्हणीत गृहीत धरलेले दिसते. वेष पालटला, आवाज बदलला, डोळ्यांत पाणी आणले की सोंग साधले, अशीच सर्वसाधारण समजूत असते. परंतु पडद्यावरील एखाद्या व्यक्तीचे दुःख पाहून हजारो प्रेक्षक स्तब्ध होतात, चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावरही तो चेहरा कित्येक दिवस मनातून जात नाही, तेव्हा या समजुतीचा फेरविचार करणे भाग पडते. हिंदी चित्रपटसृष्टीत असा फेरविचार करावयास लावणाऱ्या नटांमध्ये दिलीपकुमार यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांच्या अभिनयामागे कोणती दृष्टी होती, तीसाठी त्यांनी किती श्रम घेतले आणि त्याची कोणती किंमत मोजली, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

पेशावर ते मालाड

दिलीपकुमार यांचे मूळ नाव युसूफ खान. ११ डिसेंबर १९२२ रोजी पेशावर येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील फळांचे व्यापारी होते. व्यवसायानिमित्त हे कुटुंब महाराष्ट्रात आले आणि नाशिकनजीकच्या देवळालीत युसूफ यांचे काही शिक्षण झाले. तरुणपणी काही काळ त्यांनी पुण्यातील लष्करी कँटीनमध्ये काम केले. नाटकाची वा नाट्यशिक्षणाची कोणतीही परंपरा त्यांच्या घरात नव्हती. १९४२ च्या सुमारास मालाड येथील बॉम्बे टॉकीज या संस्थेत त्यांचा प्रवेश झाला. संस्थेच्या सूत्रधार देविका राणी यांनी त्यांना नोकरी दिली, नवे नाव दिले आणि १९४४ साली ‘ज्वारभाटा’ हा त्यांचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला.

त्या काळच्या हिंदी चित्रपटांतील अभिनयावर रंगभूमीचा दाट ठसा होता. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला ऐकू जावे म्हणून रंगमंचावर आवाज चढवावा लागतो, हातवारे मोठे करावे लागतात. कॅमेरा मात्र नटाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर येऊ शकतो. बॉम्बे टॉकीजमध्ये अशोककुमार यांनी या नवोदित नटास सहजतेचा सल्ला दिला. एखाद्या प्रसंगी आपण प्रत्यक्ष जसे वागू तसेच कॅमेऱ्यासमोर वागावे, असा त्या सल्ल्याचा आशय होता. सल्ला ऐकावयास सोपा, पण आचरावयास कठीण होता. प्रखर दिव्यांखाली, वीसपंचवीस माणसांच्या देखत, खुणा केलेल्या जागी उभे राहून ‘सहज’ वागणे हे सहज साधत नाही. ते कमवावे लागते. दिलीपकुमार यांच्या पुढील कारकीर्दीचे मर्म या एका गोष्टीत आहे.

‘मेथड’ म्हणजे काय?

ज्याला इंग्रजीत ‘मेथड अ‍ॅक्टिंग’ म्हणतात त्या पद्धतीचे मूळ रशियात आहे. मॉस्को आर्ट थिएटर या १८९८ साली स्थापन झालेल्या नाट्यसंस्थेचे एक संस्थापक कॉन्स्टंटिन स्तानिस्लावस्की यांनी नटाच्या प्रशिक्षणाचा शास्त्रशुद्ध विचार मांडला. पात्राच्या परिस्थितीत आपण असतो तर काय केले असते, हा प्रश्न नटाने स्वतःला विचारावा, पात्राला नेमके काय हवे आहे याचा शोध घ्यावा आणि भावना ओढूनताणून न आणता तिला जन्म देणारी परिस्थिती मनात उभी करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा विचार पुढे अमेरिकेत गेला. न्यूयॉर्क येथे १९४७ साली ‘अ‍ॅक्टर्स स्टुडिओ’ स्थापन झाला आणि ली स्ट्रासबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली त्याला ‘मेथड’ हे रूप मिळाले. नटाने स्वतःच्या आयुष्यातील भावनिक आठवणींचा उपयोग करावा, यावर स्ट्रासबर्ग यांचा भर होता. मार्लन ब्रँडो यांच्या गुरू स्टेला अ‍ॅडलर यांना मात्र आठवणींपेक्षा कल्पनाशक्ती आणि पात्राच्या परिस्थितीचा अभ्यास अधिक मोलाचा वाटत असे.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, अ‍ॅक्टर्स स्टुडिओ स्थापन होण्यापूर्वी तीन वर्षे दिलीपकुमार पडद्यावर आले होते. त्यांची पद्धत कोणत्याही विद्यालयात शिकलेली नव्हती. निरीक्षण, वाचन आणि अनुभव यांतून त्यांनी ती स्वतः घडविली.

भारतीय वाचकाला हा विचार अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. पहिले तीन अनुक्रमे शरीराचे, वाणीचे आणि वेषभूषेचे. अश्रू, कंप, स्वरभंग, चेहऱ्याचा रंग पालटणे हे चौथ्या प्रकारात मोडतात, आणि मन एकाग्र झाल्याविना ते साधत नाहीत, असे शास्त्रकार बजावतो. हुकमी अश्रू आणणारा नट आणि मन समाहित झाल्याने ज्याचे डोळे भरून येतात तो नट, यांतील भेद आपल्या परंपरेला फार पूर्वीच उमगला होता.

तयारीचे तीन दाखले

दिलीपकुमार यांची तल्लीनता ही लहरीवर अवलंबून नव्हती. तिच्यामागे काटेकोर तयारी असे. याचे तीन दाखले उद्बोधक आहेत.

‘दीदार’ (१९५१) या चित्रपटात त्यांना अंध गायकाची भूमिका करावयाची होती. डोळे मिटून चाचपडत चालणे हा त्यावर रूढ उपाय होता. दिलीपकुमार यांनी मुंबईतील एका अंध भिक्षेकऱ्याचे बारकाईने निरीक्षण केले. अंध व्यक्ती आवाजाच्या दिशेने चेहरा कसा वळविते, उघड्या डोळ्यांतही दृष्टी स्थिर नसणे म्हणजे काय, हे त्यांनी टिपून घेतले. त्यामुळे पडद्यावर अंधत्वाचे सोंग दिसले नाही. डोळ्यांवाचून जगण्याची सवय झालेला माणूस दिसला.

दुसरा दाखला ‘कोहिनूर’ (१९६०) या चित्रपटाचा. नौशाद यांनी हमीर रागात बांधलेल्या एका गीतात नायक सतार वाजवितो. वाद्य हाती धरून बोटे इकडेतिकडे फिरविली, दूरवरून चित्रीकरण केले आणि जवळच्या दृश्यासाठी एखाद्या वादकाचे हात दाखविले, तरी काम भागण्यासारखे होते. चित्रपटात तशी प्रथाच होती. दिलीपकुमार यांना ती मान्य नव्हती. चित्रपटासाठी प्रत्यक्ष सतारवादन उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांचे होते. नायकाची बोटे त्या वादनाशी जुळावीत म्हणून दिलीपकुमार यांनी कित्येक महिने सतारीचे धडे घेतले. तारांनी बोटे सोलवटतात, हे सतार शिकणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. काही मिनिटांच्या गीतासाठी घेतलेले हे श्रम प्रेक्षकांच्या नकळत आपला परिणाम साधून जातात.

तिसरा दाखला ‘गंगा जमुना’चा (१९६१). नितीन बोस यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची निर्मिती स्वतः दिलीपकुमार यांची होती आणि त्याचे काही चित्रीकरण इगतपुरी परिसरात झाले होते. पेशावरमध्ये जन्मलेल्या, घरात हिंदको आणि उर्दू बोलणाऱ्या या नटाने गंगाच्या तोंडी उत्तर भारतातील खेड्याची पूरबी बोली घातली आणि ती अशा ढंगाने उच्चारली की, नायकाने शहरी भाषाच बोलावी हा संकेत मोडून पडला. गंगाच्या मृत्यूचा प्रसंग चित्रित होण्यापूर्वी ते धावत राहिले आणि दम पुरता उखडल्यावरच कॅमेऱ्यासमोर आले. म्हणून त्या दृश्यातील श्वास हा खराखुरा तुटलेला श्वास आहे.

या प्रसंगाचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजू विसरता कामा नये. श्वास खरा होता, पण कोठे थांबावयाचे, प्रकाश कोठे आहे, कोणत्या शब्दावर आवाज क्षीण करावयाचा, याचे भान त्या थकलेल्या नटाला पुरेपूर होते. तसे नसते तर उरला असता केवळ दमलेला माणूस. मरणारा गंगा दिसला नसता. तादात्म्य आणि तटस्थता ही अभिनयाची दोन चाके आहेत. यांपैकी एक जरी निखळले तरी गाडी चालत नाही.

तल्लीनतेची किंमत

ही दुसरी गोष्ट दिलीपकुमार यांना फार मोल देऊन शिकावी लागली. ‘मेला’, ‘शहीद’, ‘अंदाज’, ‘दीदार’, ‘दाग’, ‘देवदास’ अशा चित्रपटांतून सतत दुःखी, पराभूत, मृत्यूच्या छायेत वावरणाऱ्या व्यक्तिरेखा त्यांनी रंगविल्या. रसिकांनी त्यांना ‘ट्रॅजेडी किंग’ ही पदवी बहाल केली. परंतु दिवसेंदिवस त्याच वेदनेत शिरून राहिल्याने तिचा ठसा त्यांच्या स्वतःच्या मनावर उमटू लागला. चित्रीकरण संपले तरी उदासी संपेना. अखेर त्यांनी इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेतला. काही काळ हलक्याफुलक्या भूमिका कराव्यात, असे त्यांना सुचविण्यात आले.

मनाच्या दुखण्याची वाच्यता करणे तेव्हा कमीपणाचे मानले जात असे. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या नटाने हा सल्ला घ्यावा, तो मानावा आणि पुढे त्याविषयी मोकळेपणाने बोलावे, ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही भूमिकेइतकीच मोलाची आहे. प्रेक्षकांना प्रिय झालेली प्रतिमा सोडून त्यांनी ‘आझाद’ (१९५५) हा खेळकर चित्रपट स्वीकारला. पुढे ‘कोहिनूर’ आणि ‘राम और श्याम’ (१९६७) या चित्रपटांत त्यांनी विनोदाची कमान सांभाळली. फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक त्यांना आठ वेळा लाभले. त्यांत हे तिन्ही चित्रपट आहेत. विनोदी भूमिकांसाठीही त्यांनी तयारीत कसूर केली नव्हती, हे कोहिनूरच्या सतारीवरून स्पष्टच आहे. बदलले ते एवढेच की, भूमिकेत शिरण्याबरोबर तिच्यातून बाहेर पडण्याची वाटही त्यांना गवसली.

मराठी नाटकाशी नाते

या परिपक्वतेचे दर्शन घडविणाऱ्या एका उत्तरकालीन भूमिकेचे मूळ मराठी रंगभूमीत आहे. वसंत कानेटकर यांचे ‘अश्रूंची झाली फुले’ हे नाटक १९६६ साली रंगभूमीवर आले. प्रभाकर पणशीकर यांचा विद्यानंद आणि काशिनाथ घाणेकर यांचा लाल्या रसिकांच्या मनात घर करून राहिले. याच नाटकाच्या आधारे यश चोप्रा यांनी १९८४ साली ‘मशाल’ हा चित्रपट काढला आणि त्यातील ध्येयवादी संपादकाची भूमिका दिलीपकुमार यांनी केली.

रात्रीची वेळ आहे. मुंबईच्या सुनसान रस्त्यावर संपादकाची पत्नी वेदनांनी कोसळते. तो मदतीसाठी येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींना हात करतो, पण कोणीही थांबत नाही. वहिदा रेहमान यांच्यासमवेतचा हा प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो विसरता येणार नाही. नट प्रारंभापासूनच आक्रोश करीत नाही. प्रथम एका सभ्य गृहस्थाची विनंती असते. अडचण सांगितली की माणसे थांबतील, असा त्याचा विश्वास आहे. मग विनंतीची याचना होते, याचनेचा टाहो होतो आणि अखेरीस आवाजच फाटतो. पत्नीच्या प्राणांबरोबर माणुसकीवरील त्या गृहस्थाचा विश्वासही पायरीपायरीने कसा मावळत जातो, हे आपण पाहतो. पहिल्याच क्षणी टाहो फोडला असता तर प्रेक्षकाला दया आली असती. या चढत्या क्रमामुळे तो अंतर्मुख होतो आणि त्या न थांबलेल्या मोटारीत आपणही बसलो नव्हतो ना, असा प्रश्न स्वतःला विचारतो.

अनुकरण कशाचे?

पाच दशकांहून अधिक काळाच्या कारकीर्दीत दिलीपकुमार यांनी केलेल्या चित्रपटांची संख्या पासष्टच्या आतबाहेर आहे. समकालीनांच्या मानाने ती अल्पच म्हटली पाहिजे. भूमिकेला पुरेसा वेळ देता यावा म्हणून त्यांनी मोजकेच काम स्वीकारले. १९८० मध्ये ते मुंबईचे नगरपाल झाले, १९९४ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि २००० ते २००६ या काळात त्यांनी राज्यसभेत महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व केले. ७ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.

त्यांच्या केसांची बट, थांबूनथांबून बोलण्याची लकब, दबलेला स्वर यांची नक्कल अनेकांनी केली. अनुकरण करावयाचेच असेल तर ते या बाह्य गोष्टींचे नव्हे, तर त्यामागील अभ्यासाचे करावे. शाळेच्या स्नेहसंमेलनात वा गावच्या जत्रेतील नाटकात भूमिका करणाऱ्या मुलास आपण बहुधा ‘मोठ्याने बोल’ एवढेच सांगतो. त्याऐवजी, ‘हा माणूस कोण आहे? त्याला काय हवे आहे? तू त्याच्या जागी असतास तर काय केले असतेस?’ असे तीन प्रश्न त्याला विचारून पाहावेत. शेतकऱ्याची भूमिका करणाऱ्या मुलाने एक दिवस शेतावर जाऊन औताची मूठ धरून यावे. आणि पडदा पडल्यावर त्या मुलाने तोंडावरचा रंग पुसला की नाही, तो पुन्हा सोबत्यांत मिसळून हसूखेळू लागला की नाही, इकडेही शिक्षकांनी लक्ष द्यावे.

दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे ही अभिनयाची पहिली पायरी आहे. ज्याला ती चढता आली तो नट होईलच असे नाही. परंतु रात्रीच्या रस्त्यावर कोणी मदतीसाठी हात केला, तर त्याची मोटार थांबण्याचा संभव अधिक असेल.