समजून घ्या : नळाला २४ तास पाणी म्हणजे जास्त पाणी का? बेळगावचा अनुभव काय सांगतो?

नळ आला की पहिली बादली ओतून द्यायची, मग पाणी भरायला घ्यायचे. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरांत ही सवय अंगवळणी पडलेली असते. पण पहिले पाणी गढूळ का येते? याचे उत्तर कळले की २४ तास पाण्याची योजनाही कळते.

पाइपमध्ये काय होते?

पुरवठा बंद झाला की पाइपमधला दाब संपतो. शेजारून गटार जात असेल आणि जोड सैल असेल, तर बाहेरची घाण आत शिरते. पुढच्या वेळी तीच आधी तुमच्या नळाला येते. नळाला थेट मोटर लावली, तर घाण आणखी ओढली जाते. दाब कायम असेल तर गळतीतून पाणी बाहेर जाते, घाण आत येत नाही. म्हणजे २४ तास योजनेत खरे महत्त्व दाबाला आहे.

बेळगावात काय झाले?

राकसकोप आणि हिडकल जलाशयांवर अवलंबून असलेल्या या सीमेवरच्या शहरात २००८ मध्ये निवडक भागांना २४ तास पाणी मिळू लागले. जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्यातही हाच प्रयोग झाला. त्या भागांत नवे पाइप टाकले, घरोघरी मीटर बसवले.

फायदा झाला का?

हुबळी-धारवाडमधील दोन्ही प्रकारच्या भागांची तुलना करणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ तास पाण्याच्या भागात टायफॉइडचा रुग्ण असलेली घरे ४२ टक्क्यांनी कमी आढळली. सर्वसाधारण जुलाबात मात्र एकूण फारसा फरक दिसला नाही. नळ सुधारला तरी शौचालय, गटार आणि हात धुणे हे प्रश्न उरतातच.

मग अडले कुठे?

बेळगावच्या उरलेल्या भागाला दहा वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली. दरम्यान शहर वाढत राहिले. दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होते, असे नियोजनात धरतात. माणशी रोज १३५ लिटर पाणी दिले, तर १०८ लिटर बाहेर पडणार. बेळगावात बळ्ळारी नाल्याचे दूषित पाणी शेतात शिरते, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. हलगा येथील सांडपाणी प्रकल्पही जमिनीच्या वादात रखडला. शहराने वापरलेल्या पाण्याचा त्रास असा शेजारच्या शिवाराला होतो.

तुम्ही काय कराल?

खंड पडून आलेले पाणी उकळूनच प्या. नळाला थेट मोटर लावू नका. आणि तुमच्या शहरात नवी पाणी योजना जाहीर झाली, तर नगरसेवकाला दोन प्रश्न विचारा : पाइपमध्ये किती तास दाब राहणार? आणि वापरलेले पाणी जाणार कुठे?