टेपमागची शांतता : रे डॉल्बी यांचे काम

कोऱ्या चुंबकीय टेपलाही स्वतःचा आवाज असतो. प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेले चुंबकीय कण संपूर्ण एकसारखे नसतात, आणि टेप हेडवरून सरकताना ही असमानता सतत चालणाऱ्या ‘स्स्स्’ अशा आवाजाच्या रूपाने ऐकू येते. याला ‘हिस’ म्हणतात. संगीत मोठ्या आवाजात चालू असेल तर हिस त्याखाली झाकला जातो. मात्र गायक श्वास घेतो किंवा तंबोऱ्याचा षड्ज हळूहळू विरत जातो, त्या क्षणी तो उघडा पडतो. घरोघरच्या ध्वनिमुद्रणातून हा आवाज हटवण्याचे मोठे श्रेय रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याकडे जाते.

डॉल्बी यांचा जन्म १८ जानेवारी १९३३ रोजी ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे झाला. शाळकरी वयातच ते कॅलिफोर्नियातील अँपेक्स या टेपरेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीत काम करू लागले. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या नेतृत्वाखालील ज्या तुकडीने १९५६ मध्ये व्यावसायिक वापराचा पहिला यशस्वी व्हिडिओ टेपरेकॉर्डर जगापुढे आणला, तिच्यात ते सर्वांत तरुण मंडळींपैकी होते. १९५७ मध्ये स्टॅनफर्डची पदवी मिळवून ते इंग्लंडला गेले आणि १९६१ मध्ये केंब्रिज येथे त्यांनी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतली. १९६३ ते १९६५ ही दोन वर्षे युनेस्कोचे सल्लागार म्हणून त्यांनी भारतात काढली. त्यांच्या चरित्रातला हा भाग आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसतो. भारतातून परतताच, १९६५ मध्ये, त्यांनी लंडनमध्ये मोजक्या सहकाऱ्यांसह डॉल्बी लॅबोरेटरीज सुरू केली.

मुद्रणाच्या वेळी क्षीण आवाज वाढवून टेपवर उतरवायचा आणि ऐकताना तेवढाच खाली आणायचा, म्हणजे त्याबरोबर हिसही खाली जातो, ही कल्पना डॉल्बींच्या आधीपासून होती. अडचण अशी, की आधीची यंत्रे सगळाच आवाज दाबत आणि फुगवत. त्यामुळे संगीताच्या चढउतारांबरोबर मागचा हिसही वरखाली होई आणि टेप श्वास घेत असल्यासारखे वाटे. डॉल्बींनी मोठ्या आवाजाला हातच लावला नाही. मोठा आवाज हिसला आपोआप झाकतो, मग त्याच्यात ढवळाढवळ कशाला? त्यांनी फक्त क्षीण ध्वनी वेगळ्या वाटेने काढून, वाढवून मूळ आवाजात मिसळला आणि ऐकताना नेमका तेवढाच वजा केला. कुठे काहीच करायचे नाही, हे ओळखण्यात या शोधाचे मर्म आहे. त्यांची पहिली प्रणाली ‘डॉल्बी ए’ ध्वनीचे चार पट्टे करून प्रत्येकावर स्वतंत्रपणे काम करी. ती स्टुडिओंसाठी होती, आणि लंडनची डेक्का ही ध्वनिमुद्रण कंपनी तिची पहिली ग्राहक ठरली.

घरातला प्रश्न याहून बिकट होता. स्टुडिओतली टेप साधारण सहा मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावणारी. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटमधली टेप जेमतेम ३.८ मिलिमीटर रुंद, तिच्यावर स्टिरिओसाठी चार मार्ग आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. मार्ग जितका अरुंद आणि वेग जितका कमी, तितका संगीताच्या तुलनेत हिस जास्त. बोलणे टिपून ठेवण्यापुरती कॅसेट ठीक होती. संगीताचे रसिक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत.

या ठिकाणी हेन्री क्लॉस यांचे नाव घ्यायलाच हवे. ध्वनिवर्धक बनवण्यात नाव कमावलेल्या या अमेरिकन उद्योजकाने घरगुती वापरासाठी सोपी, स्वस्त प्रणाली तयार करण्याचा आग्रह डॉल्बींकडे धरला. त्यातून १९६८ मध्ये ‘डॉल्बी बी’ आली. हिस कानाला मुख्यतः वरच्या पट्टीत बोचतो, म्हणून ती केवळ उंच कंप्रतेच्या ध्वनीवर काम करते आणि तिथला हिस सुमारे दहा डेसिबलने उतरवते. पुढे क्लॉस यांच्याच अ‍ॅडव्हेंट कंपनीने डॉल्बी बी आणि क्रोमियम डायऑक्साइडची टेप यांची सांगड घालणारा कॅसेट डेक बाजारात आणला. तिथून कॅसेट हे संगीताचे गंभीर माध्यम झाले.

डॉल्बींनी घरगुती टेपरेकॉर्डर स्वतः बनवले नाहीत. त्यांनी ते बनवणाऱ्यांना परवाने दिले. अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर एकच प्रणाली आल्यामुळे एका घरात भरलेली कॅसेट दुसऱ्या घरात तशीच वाजू लागली. शोधाइतकाच हा निर्णयही दूरदृष्टीचा होता. १९८० च्या ‘डॉल्बी सी’ने हिस वीस डेसिबलपर्यंत खाली आणला.

सत्तरच्या दशकात डॉल्बी चित्रपटगृहांकडे वळले. ‘स्टार वॉर्स’मुळे १९७७ मध्ये डॉल्बी स्टिरिओचे नाव सर्वत्र झाले. त्यातला चहूबाजूंनी ऐकू येणारा परिवेशी ध्वनी १९८२ पासून ‘डॉल्बी सराउंड’च्या रूपाने घरात आला. नंतरची डॉल्बी डिजिटल प्रणाली डीव्हीडीबरोबर दिवाणखान्यात पोहोचली आणि ‘होम थिएटर’ हा शब्द रूढ झाला. १२ सप्टेंबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डॉल्बींचे निधन झाले.

महाराष्ट्रात मात्र ‘डॉल्बी’ म्हणजे मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांची भिंत, असा अर्थ रुळला आहे. त्या दणदणाटाशी या शोधाचा काहीही संबंध नाही. ज्या माणसाने गोंगाट कमी करण्यासाठी आयुष्य वेचले, त्याच्या नावावर हा अन्याय आहे.

अनेक घरांत जुन्या मैफलींच्या, नात्यातल्या माणसांच्या आवाजाच्या कॅसेट अजून पडून आहेत. त्या डिजिटल करून घेताना वेष्टनावर दोन ‘डी’ एकमेकांकडे तोंड करून उभे असल्याचे चिन्ह आहे का, घरी भरलेल्या कॅसेटवर डॉल्बीची नोंद आहे का, ते आधी पाहावे. असेल तर टेपडेकवरचे त्याच प्रकारच्या डॉल्बीचे बटण चालू ठेवावे, नाहीतर आवाज कर्कश येईल. नसेल तर ते बंदच ठेवावे, नाहीतर आवाज दबून जाईल.