पुतळ्यांची माळ

१२ जानेवारीच्या सकाळी दुसरबीडला रस्त्याच्या कडेला उभं राहिलं, की सिंदखेडराजाकडे निघालेल्या गाड्यांची रांग तुटत नाही. जिजाऊंचा जन्म १५९८ सालचा, लखुजी जाधवांच्या घरातला. त्या दिवशी आमचा सगळा तालुका तिकडे लोटतो. गाड्यांतल्या मुली नऊवारीत असतात. नाकात मोत्याची नथ, कपाळावर चंद्रकोर, गळ्यात पुतळ्यांची माळ. नऊवारी बहुतेक शिवलेली, माळ सोन्याचं पाणी दिलेली. मला त्यांचं कौतुक वाटतं, ते लपवायचं कारण नाही. पण त्याच रस्त्याला लागून असलेल्या वावरात एखादी म्हातारी खाली वाकून तूर सोंगत असते. तिच्या अंगावर धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती लुगडं असतं, डोक्यावर पदर, पायात झिजून कडा गुळगुळीत झालेले चांदीचे जोडवे. मला लिहायचं आहे ते तिच्या अंगावरच्या या वस्तूंबद्दल.

ती त्याला नऊवारी म्हणत नाही, लुगडं म्हणते. सहावारी पातळ घरात आलं तेव्हा वार मोजून नाव ठेवायची गरज पडली असावी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, आणि त्यातला एकही हात वाया जात नाही. कासोटा मागे खोचला की बाई दिवसभर वाकू शकते, विहिरीत उतरू शकते, बैलगाडीवर चढू शकते. पुढच्या भागाची ओटी केली की तीत वेचलेला कापूस मावतो. वेचणीच्या दिवसांत पोट पुढे आलेल्या बायकांची ओळच्या ओळ पऱ्हाटीतून चालताना ज्यानं पाहिली आहे, त्याला या कापडाची लांबी कशासाठी, हे सांगावं लागत नाही.

सणासुदीचं लुगडं वेगळं. पैठण आणि येवल्याची पैठणी सगळ्यांना माहीत आहे, पण विदर्भाचा स्वतःचा मान करवतकाठीचा. भंडारा-नागपूरकडचे कोष्टी विणकर ती विणत आले, टसरच्या कोशांचा धागा पूर्व विदर्भातल्या जंगलांतला. तीन धोटे चालतात: दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. अंगाचा बाणा आणि काठाचा बाणा जिथे भेटतात, तिथे प्रत्येक फेरीला एकमेकांत अडकवावे लागतात, आणि त्या अडकवणीतूनच करवतीच्या दातांसारखी नक्षी उमटते. नक्षी आणि जोड ही दोन कामं तिथे एकच आहेत. काठ फाडल्याशिवाय अंगापासून सुटत नाही. मला या विणीइतकी प्रामाणिक सजावट दुसरी माहीत नाही.

हे सगळं मी नव्या नजरेनं पाहायला लागलो ते एका मल्याळी नर्सताईंमुळे. केरळच्या परिचारिका महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं काम करत आल्या आहेत. एका ओणमला या ताई ड्युटी संपवून मुंडुम नेरियतुम नेसून आल्या: एक कापड कमरेला, दुसरं खांद्यावर, दोन्ही कोऱ्या सुताच्या मळकट पांढऱ्या रंगाची आणि काठाला सोनेरी पट्टा. बाकी रंग नाही, बुट्टा नाही. आमच्या बायका आधी गोंधळल्या. सणाच्या दिवशी पांढरं? ताई म्हणाल्या, सण आहे म्हणूनच पांढरं. त्या सोनेरी पट्ट्याला कसवु म्हणतात. मूळ अर्थ जर. हे काम ज्यासाठी प्रसिद्ध आहे ते बलरामपुरम गाव त्रावणकोरच्या बलराम वर्मा या राजाच्या नावाचं. त्याच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तमिळ मुलुखातून शालियर विणकर आणून तिथे वसवले. आणि जर? ती सुरतेची. येवल्याच्या पैठणीतही सुरतेचीच. एकाच गावची जर एकीकडे मोरांनी भरलेल्या पदरात जाते, दुसरीकडे कोऱ्या सुताच्या कडेला शांतपणे बसते.

दागिन्यांचं नातं त्याहून जुनं निघालं.

आमच्याकडे कमरेच्या वर सोनं, खाली चांदी. सोनं पायात घालायचं नाही, ते लक्ष्मी. म्हणून गळ्यात डोरलं (मंगळसूत्राला हा शब्द आमच्याकडे अजून जिवंत आहे), एकदाणी, बोरमाळ. पायात जोडवे, विरोद्या, मासोळ्या, तोडे. चांदीसाठी जिल्ह्यातच खामगाव आहे, रजतनगरी म्हणूनच ओळखलं जाणारं. तिथल्या चांदीच्या शुद्धतेवर लोकांचा विश्वास आहे. लोणार-मेहकरकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांची चांदी आणखी वेगळी, केसांपासून लोंबणारी, चालताना वाजणारी. तिच्यावर स्वतंत्र लेखच हवा.

पण माझा जीव पुतळ्यांच्या माळेत अडकलेला आहे. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून काढलेल्या गोल चकत्या, प्रत्येकीला वर कडी, आणि पटवेकऱ्यानं रेशमी गोफात ओवलेल्या. चकतीवर दोन पुतळ्या दिसतात, म्हणून पुतळी. या पुतळ्या आल्या कुठून? व्हेनिसमधून. व्हेनिसच्या टांकसाळीनं १२८४ पासून ड्युकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडलं, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ निर्भेळ सोन्याचं. त्यावर संत मार्क उभा, त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत हे चित्र फारसं बदललं नाही, आणि म्हणूनच दूरदेशीच्या सराफांनी त्यावर भरवसा ठेवला. हे सोनं तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानात यायचं, आणि त्याच्या बदल्यात जहाजं मिरी भरून न्यायची. मिरी मलबारची, म्हणजे नर्सताईंच्या माहेरची.

महाराष्ट्रात हे नाणं इतकं रुळलं की सभासदाच्या बखरीत शिवाजीमहाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांच्या यादीत होन-मोहरांबरोबर पुतळीही येते. पुढे नाणं गेलं, ठसा उरला. सोनारांनी तो स्वतः कोरला. ताईंच्या गळ्यात त्या दिवशी काशुमाला होती. काशु म्हणजे नाणं. तिच्या चकत्यांवर लक्ष्मी, आमच्या चकत्यांवर दोन पुतळ्या, पण नाण्यांची माळ करायची बुद्धी एकच. ताईंच्या पेटीत आणखीही होतं: हिरव्या काचेची पानाच्या आकाराची पालक्का माला, फण्याच्या आकाराची नागपडम. नावं मी दोनदा म्हणून घेतली.

दागिना म्हटलं की हौस आठवते. पण कुणी काय ल्यायचं हे पूर्वी जात ठरवत होती, आणि हेही दोन्हीकडे सारखंच होतं. त्रावणकोरात नाडार बायकांना अंगाचा वरचा भाग झाकायला बंदी होती. ती उठवून घ्यायला १८५९ पर्यंत झगडावं लागलं. पुलय बायकांना सोन्याला हात लावता येत नव्हता, दगडाच्या आणि काचेच्या मण्यांच्या माळाच घालाव्या लागत. १९१५ मध्ये पुलयांचे नेते अय्यनकाळी यांच्या हाकेवर कोल्लमजवळ पेरिनाडच्या लढ्यातल्या बायकांनी त्या माळा तोडून टाकल्या. त्या लढ्याला कल्लुमाला समर म्हणतात. बारा वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना जवळजवळ तेच सांगितलं: गळ्यातल्या त्या गळसऱ्या आणि हातभर कथलाचे गोट-पाटल्या उतरवा, लुगडं गुडघ्यावर नेसू नका, घोट्यापर्यंत नेसा. आमच्या भागात ही आठवण घराघरांत आहे. म्हणून जुन्या दागिन्यांची फोटोंची पुस्तकं चाळताना माझा हात काही पानांवर थांबतो. ते जड गोट कुणी हौसेनं घातले होते आणि कुणाच्या हातात घातले गेले होते, हे फोटोखाली लिहिलेलं नसतं.

माझ्या आजीला माळेचा अभिमान होता, आणि तिचा उपयोगही ती पुरेपूर जाणत होती. बहात्तरच्या दुष्काळात तिनं माळेतून एकेक पुतळी काढली. प्रत्येक वेळी गोफ सोडायचा, एक काढायची, उरलेल्या जवळ सरकवून पुन्हा गाठायचं. बँकेत खातं नव्हतं. खातं गळ्यात होतं, आणि ते चालवायला कुणाची सही लागत नव्हती. जमीन आजोबांच्या नावावर, बैल आजोबांचे, माळ तेवढी तिची.

तिच्या तीन पुतळ्या घरात उरल्या आहेत, आईच्या डोरल्यात काळ्या मण्यांच्या मधोमध ओवलेल्या. मी भिंगाखाली धरून पाहिल्या. दोघींवर आता काहीच दिसत नाही, घामानं आणि लुगड्याच्या काठानं घासून त्या सपाट झाल्यात. तिसरीवर दोन आकृत्या आहेत, आणि मध्ये एक बारीक काठी.