दिसत नाही, पण टनावारी मासे मारतं!

मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा एक जीव. 2019 च्या मे महिन्यात नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर त्याने पिंजऱ्यांतले सुमारे 80 लाख सॅमन मारले. नाव क्रायसोक्रोम्युलिना लीडबीटेरी. हे नाव धड उच्चारेपर्यंत तिथे दहाएक मासे आडवे झाले असतील!

हे एकपेशीय शेवाळ एरवीही समुद्रात असतंच. पाणी कोमट झालं, ऊन मिळालं, नत्र-स्फुरदाची खैरात झाली की ते बेसुमार वाढतं. मोकळ्या माशाला निदान सटकायला जागा असते. पिंजऱ्यातला मासा जाणार कुठे? म्हणून मला विचाराल तर या खुनात शेवाळ आरोपी नंबर एक आणि जाळं आरोपी नंबर दोन.

घाला थेट कल्ल्यांवर

माशाचे कल्ले म्हणजे त्याचं मर्मस्थान. रक्त आणि बाहेरचं पाणी यांच्यामध्ये तिथे जेमतेम एक पातळ पापुद्रा असतो. बहुतेक मारेकरी तिथेच घाव घालतात, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

किटोसिरॉस हा डायटम विषारी नाहीच. त्याला सिलिकाचे लांब काटे असतात आणि काही जातींत त्या काट्यांवर बारीक कुसळं. ती कल्ल्यांत रुततात, माशाला चिकट स्राव सुटतो आणि ऐन पाण्यात त्याचा श्वास कोंडतो. एका मिलिलिटर पाण्यात अवघ्या 5 पेशी असतानाही सॅमन दगावल्याच्या नोंदी आहेत. इतक्या कमी पेशींनी पाण्याचा रंगही बदलत नाही. म्हणजे 'लाल पाणी दिसलं की सावध होऊ' म्हणणारा मत्स्यशेतकरी इथे हमखास फसतो.

प्रिम्नेशियम या शेवाळाची कथा आणखी अजब. ते स्वतः अन्न तयार करतंच, शिवाय विष सोडून शेजारच्या पेशी फोडतं आणि त्याही गिळतं. कल्ल्यांच्या पेशी याच विषाच्या तडाख्यात सापडतात.

स्वच्छ झाला, हीच तक्रार

1972 चा उन्हाळा, जपानचा सेतो अंतर्गत समुद्र. चॅटोनेला नावाच्या शेवाळाने हारिमा-नाडा भागात 1 कोटी 40 लाख हामाची मासे मारले. नुकसान 710 कोटी येन! कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी समुद्रात जात होतं, त्यावर शेवाळ पोसलं होतं. पुढच्याच वर्षी सरकारने या समुद्रासाठी खास कायदा केला. तरी 1976 मध्ये लाल पाण्याच्या 299 घटना नोंदल्या गेल्याच. पुढे मात्र आकडा उतरत शंभराच्या आसपास आला.

आता गंमत ऐका. सुशीभोवती गुंडाळतात ती काळी नोरी याच समुद्रात पिकते. पाण्यातलं खत इतकं कमी झालं की नोरीचा रंगच उडायला लागला. नोरीवाले ओरडू लागले, 'समुद्र फार स्वच्छ झालाय!' अखेर 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि गरजेप्रमाणे पोषकद्रव्यं वाढवण्याची वाट मोकळी करण्यात आली. तेच नत्र एकाला विष, दुसऱ्याला खुराक.

चॅटोनेला चिवटही भलतंच. थंडीत ते तळाच्या गाळात कवच पांघरून पडून राहतं आणि पाणी तापलं की पुन्हा वर येतं.

चिलेचा दणका

आजवरचा सगळ्यात गाजलेला तडाखा चिलेतला. 2016 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, एल निनोच्या सावटाखाली, स्यूडोचॅटोनेला नावाच्या शेवाळाने काही आठवड्यांत सुमारे 39 हजार टन सॅमन आणि ट्राउट संपवले. इतके मेलेले मासे टाकायचे कुठे? त्यातले काही हजार टन बोटींनी खोल समुद्रात नेऊन ओतले. थोड्याच दिवसांत चिलोए बेटाच्या किनाऱ्यावर दुसऱ्याच एका विषारी शेवाळाची लाट आली, शिंपल्यांवर बंदी आली आणि मच्छीमारांनी रस्ते अडवले. 'तुम्ही ओतलेल्या सॅमनमुळेच हे झालं' हा त्यांचा आरोप. सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी तो फेटाळला. मच्छीमारांना ते पटलं नाही.

उपाय: उपास आणि माती

शेवाळ आलं की अनुभवी पिंजरेवाला पहिलं काम करतो ते खाद्य बंद करण्याचं. पचनाला प्राणवायू लागतो, शिवाय खाण्यासाठी मासे वर येतात आणि शेवाळाचा थर बऱ्याचदा वरच असतो. उपाशी मासा जास्त तग धरतो. 1988 मध्ये अशीच लाट आली तेव्हा नॉर्वेच्या लोकांनी पिंजरेच्या पिंजरे बोटींना बांधून फ्योर्डच्या आत, कमी खाऱ्या पाण्यात ओढून नेले. कोरियाने 1995 चा मोठा फटका खाल्ल्यावर पुढच्या वर्षापासून समुद्रावर पिवळी माती फवारायला सुरुवात केली. माती शेवाळाला चिकटते आणि त्याला घेऊन तळाला बसते. उपाय स्वस्त खरा, पण तळाशी राहणाऱ्या जीवांना काय वाटत असेल, हे त्यांनाच ठाऊक.

आणि आपल्याकडे?

कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या की मोबाइल बाहेर येतात. ती करामत नॉक्टिल्यूका या सूक्ष्म जीवाची. ते विष बनवत नाही, पण त्याच्या पोटात अमोनिया साठतो आणि ते मोठ्या संख्येने मेलं की तो पाण्यात उतरतो. रील जरूर करा, पण जवळपास माशांचे पिंजरे असतील तर त्यांच्या मालकाची झोप उडालेली असते. भारताच्या समुद्रात असे बहर कुठे आलेत, याची माहिती हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहांच्या मदतीने देते.

गोड्या पाण्यातला खेळ निराळा. शेततळ्यातलं पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं की त्यातलं सूक्ष्म शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री सगळ्यांबरोबर स्वतःही तो ओढतं. त्यामुळे प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. तेव्हा रोहू-कटला पृष्ठभागावर तोंडं काढून हवा ओढताना दिसतात. दुपारी उलटा प्रकार. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतं, पाण्याचा सामू चढतो आणि त्यात विरघळलेला अमोनिया जास्त विषारी होतो. एकाच तळ्यात दोन वेळांचे दोन धोके!

ताटातल्या रोहूला मातकट वास आला तर? तो मातीचा नसतो, बहुधा जिओस्मिनचा असतो. काही निळी-हिरवी शेवाळं हे रसायन बनवतात. पहिल्या पावसाचा सुगंधही त्याचाच, फक्त माशात आपल्याला तो नको असतो. एक लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम असलं तरी आपलं नाक ते पकडतं. त्याने अपाय होत नाही. आम्लात जिओस्मिन मोडतं, त्यामुळे माशाला लिंबू किंवा चिंचेचा कोळ लावणारी आजी रसायनशास्त्र न शिकताही बरोबर होती.

शेततळ्यात मासे असतील तर एवढं करा: पाणी गर्द हिरवं दिसलं की शेणखत आणि खाद्य थांबवा, एरेटर रात्रभर चालू ठेवा आणि दिवस उजाडायच्या आत तळ्यावर एक चक्कर मारा.