हलव्याचे दागिने

हलव्याचे दागिने म्हणजे साखरेच्या काटेरी हलव्याचे दाणे दोऱ्यात गुंफून किंवा पुठ्ठ्यावर बसवून तयार केलेले, मकरसंक्रांतीच्या काळात अंगावर घालावयाचे अलंकार होत. महाराष्ट्रात विवाहानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नववधूला आणि जावयाला, तसेच बोरन्हाणाच्या वेळी लहान मुलाला हे दागिने घालतात. सणाचा खाऊ आणि सणाचा साज या दोन्ही गोष्टी एकाच वस्तूत आणणारी ही गृहकला आहे. दागिना एका संध्याकाळपुरता अंगावर राहतो. पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे कार्यक्रम संपल्यावर तो उसवून त्यातील हलवा मुलांना वाटून टाकला जाई. अलीकडे हलव्याच्या जोडीला गोळ्या, चॉकलेटे व बत्तासे यांचेही दागिने होऊ लागले आहेत.

नाव

मराठीत ‘हलवा’ हा शब्द तीन अगदी वेगळ्या पदार्थांना लागतो. गाजराचा किंवा दुधीचा शिजवलेला गोड पदार्थ हा एक, किनारपट्टीवर मिळणारा मासा हा दुसरा आणि तिळावर साखर चढवून केलेला पांढरा काटेरी दाणा हा तिसरा. गोड पदार्थाचे नाव अरबीतून आले असून मिठाई करणाऱ्यास ‘हलवाई’ म्हणतात तेही त्याच शब्दावरून. दाणे परातीत सतत हलवावे लागतात म्हणून तो हलवा, अशी उपपत्ती घरोघरी सांगितली जाते. ती भाषाशास्त्राला धरून नसली तरी कृतीचे वर्णन म्हणून ती अचूक आहे. या लेखात ‘हलवा’ हा शब्द तिसऱ्या अर्थाने वापरला आहे.

हलवा तयार करणे

दागिन्यांचा दर्जा प्रथम हलव्यावर ठरतो. मध्यभागी घालावयाच्या दाण्यावरून हलव्याचे प्रकार पडतात. तीळ, खसखस, साबुदाणा, बडीशेप, लवंग, शेंगदाणे, कलिंगडाच्या बिया, काजू अशा अनेक पदार्थांवर साखर चढवता येते. खसखशीचा हलवा अगदी बारीक, तर साबुदाण्याचा गोल व एकसारखा होतो. लवंगेच्या हलव्याला लांबट आकार येत असल्याने तो झुमके किंवा लोलक यांसाठी उपयोगी पडतो.

साखरेत ती बुडेल इतके पाणी घालून पाक उकळतात. त्यात चमचाभर दूध घातले की मळी वर येते. ती काढून पाक पातळ कापडातून गाळून घेतात. पाक साधारण एकतारी असावा. फार घट्ट पाकाने दाणे एकमेकांस चिकटतात आणि फार पातळ पाकाने आधी चढलेली साखरही विरघळते. पाक लवकर घट्ट होऊ नये म्हणून काहीजणी त्यात लिंबू पिळतात. परंतु लिंबू जास्त झाल्यास हलवा चिकट राहतो आणि त्याला काटा येत नाही.

शेगडीत निखारे पेटवून त्यांवर राख पसरतात, म्हणजे आच मंद व एकसारखी राहते. वर कल्हईची परात किंवा पसरट कढई ठेवून त्यात निवडलेले तीळ घालतात. घरगुती प्रमाण म्हणजे दोन चमचे तिळांस वाटीभर साखरेचा पाक. पाक एका वेळी अर्धा चमचाच घालावयाचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलके फिरवीत राहावयाचे. दाणे कोरडे होऊन मोकळे झाले की पुढचा अर्धा चमचा. असे तासन् तास, आणि बहुधा तीन-चार दिवस चालते. घाई केल्यास दाणा वाढतो, पण गुळगुळीत राहतो. आच वाढल्यास तो पिवळसर पडतो. पिवळा हलवा हवा असल्यास पाकात केशर घालतात. चुकून करपलेल्या हलव्यास केशरी म्हणण्याची सोय मात्र नाही, कारण जाणती बाई वासावरूनच ओळखते.

काटा येण्याचे कारण समजण्यास कठीण नाही. दाण्यावर साखरेचा पहिला थर वाळतो तेव्हा तो सगळीकडे सारखा नसतो. जेथे किंचित उंचवटा असतो, त्या भागाला परातीतील पाक आधी लागतो आणि तेथे साखर अधिक साचते. पुढच्या प्रत्येक थरागणिक हा फरक वाढत जाऊन उंचवट्याचा काटा होतो. पाणी लवकर उडून जाणे यासाठी आवश्यक असते. म्हणूनच पौष-माघाच्या कोरड्या थंडीत हलवा चांगला फुलतो आणि ढगाळ दमट दिवशी केलेली मेहनत वाया जाते. या कामासाठी पहाटेची वेळ निवडण्याची रीतही याच अनुभवातून आली.

अशीच काटेरी साखर जपानमध्ये ‘कोम्पेइतो’ या नावाने प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती तेथे नेली आणि तिचे नावही ‘कॉन्फेइतो’ या पोर्तुगीज शब्दावरून आले. तिरप्या, तापवलेल्या, फिरत्या कढईत थोडा थोडा पाक घालून ती तयार होते आणि तिलाही काही दिवस लागतात. तेराडा तोराहिको या जपानी पदार्थवैज्ञानिकाने तिच्या शिंगांविषयी लिहिले आहे. दोन देशांतील या साम्यावरून एकाने दुसऱ्याकडून कृती घेतली असे म्हणणे घाईचे होईल. मिठाई करणाऱ्यांना साखरेचा एकच स्वभाव दोन ठिकाणी उमगला, एवढे मात्र निश्चित.

दागिने गुंफणे

हलव्याचा दाणा टणक असतो. त्यात सुई घातल्यास तो फुटतो. त्यामुळे मण्यांप्रमाणे हलवा ओवता येत नाही, तो बांधावा लागतो. पांढऱ्या सुती दोऱ्याची सरकगाठ करून तिच्या फासात एक दाणा धरतात आणि दोरा हलके ओढतात. फास दाण्याच्या काट्यांमध्ये अडकून बसतो. लगेच त्याला लागून दुसरा फास, दुसरा दाणा. अशा शेकडो गाठींचा एक हार होतो. गुळगुळीत दाण्यावरून दोरा निसटतो. म्हणजे काटा हा केवळ शोभेचा भाग नसून दागिन्याची सारी बांधणी त्याच्यावर उभी असते. बाजारातील यंत्रावर केलेला गोल, गुळगुळीत हलवा या पद्धतीला चालत नाही, तो यामुळेच.

गाठीने तयार केलेल्या सरांपासून ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, राणीहार, बाजूबंद, पाटल्या, तोडे, कंबरपट्टा, पैंजण असे अलंकार करतात. मंगळसूत्रात हलव्याच्या दाण्यांमध्ये काळे मणी घालतात. नथ व कर्णफुले यांसाठी बारीक तारेचा आधार घेतात आणि नथीत एखादा लाल मणी बसवतात. बिंदी, गजरा व वेणी यांनी साज पूर्ण होतो. जावयासाठी हार, अंगठी, गुच्छ आणि हलव्याने मढवलेला नारळ असतो. आजकाल त्यात हलव्याचे घड्याळ आणि हलव्याचा भ्रमणध्वनीही दिसतो. बाळासाठी मुकुट, बासरी, हार, तोडे व कंबरपट्टा करून त्यास कृष्णाचे रूप देतात. मुलगी असल्यास राधेचे.

दुसरी पद्धत चिकटवण्याची आहे. पुठ्ठ्यावर दागिन्याचा आकार कापून, त्यावर सोनेरी कागद किंवा कापड लावून, डिंकाने वा चिकटद्रव्याने हलवा बसवतात. कडेने जर, टिकल्या आणि मोती लावतात. हे काम लवकर होते, आकार हवा तसा कापता येतो आणि दागिना प्रवासात टिकतो. विक्रीसाठी केलेले बहुतेक दागिने आज या पद्धतीचे असतात. मात्र चिकटद्रव्य लागलेला हलवा खाण्याजोगा राहत नाही. दागिना पुढच्या वर्षीसाठी डब्यात ठेवला जातो किंवा टाकून दिला जातो आणि साखर ही केवळ पांढऱ्या खड्याचे काम करते. गाठीचा दागिना उसवता येतो, चिकटवलेला दागिना फक्त मोडता येतो. दोन्ही पद्धतींतील खरा भेद हा आहे, आणि दागिने विकत घेताना तो विचारून घेणे योग्य ठरते.

तिळवण आणि बोरन्हाण

नवविवाहितेच्या पहिल्या संक्रांतीच्या समारंभास तिळवण म्हणतात. सासरी तिला काळी साडी देऊन हलव्याचे दागिने घालतात आणि सुवासिनींना हळदीकुंकवास बोलावतात. एरवी शुभकार्यात टाळला जाणारा काळा रंग या सणाला मुद्दाम घेतात. काळा रंग ऊब धरतो, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. काळ्या कापडावर पांढरा हलवा उठून दिसतो, हे दुसरे कारण कोणी बोलून दाखवत नसले तरी डोळ्यांना पटते.

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोयीच्या दिवशी करतात. जन्मानंतरच्या पहिल्या संक्रांतीस ते विशेष हौसेने होते आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंतही करतात. बाळाला काळे झबले व हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, औक्षण करतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, रेवड्या व हलवा ओततात. भोवती जमलेली मुले ते लुटतात.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या सामग्रीतील बहुतेक वस्तू शिवारातूनच येतात. कृष्णाकाठी या दिवसांत ऊसतोड आणि गुऱ्हाळे ऐन भरात असतात, हरभरा घाट्यांवर आलेला असतो आणि बोरीही लगडलेल्या असतात. संक्रांतीच्या सुगडात भरला जाणारा ऐवज हाच आणि बोरन्हाणातलाही हाच. सातारा, कराड, सांगली, मिरज येथील बाजारपेठांत पौष महिन्यात हलव्याचे दागिने विक्रीस येतात. अनेक ठिकाणी ते घरगुती उद्योग म्हणून स्त्रिया तयार करतात. साताऱ्याचा सुप्रसिद्ध कंदी पेढा मात्र या साजात कधी आला नाही. खव्याचा तो तुपकट, मऊ गोळा दोऱ्यालाही दाद देत नाही आणि काळ्या साडीलाही. त्याने पाहुण्यांच्या हातावरच राहावे हे बरे.

गोळ्या व चॉकलेटांचे दागिने

महाराष्ट्रात कारखान्यात तयार झालेल्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या त्या विसाव्या शतकात. मुंबईच्या पार्ले येथील कारखाना 1929 साली गोळ्यांपासूनच सुरू झाला. वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे 1933 साली साखर उद्योग उभारला आणि तेथे 1942 पासून गोळ्या तयार होऊ लागल्या. हेच वालचंद सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नावामुळे परिचित आहेत. कॅडबरी भारतात 1948 साली आली. बोरन्हाणाच्या ताटात रेवड्यांशेजारी प्रथम कागदातल्या गोळ्या आल्या, मग छोटी चॉकलेटे, आणि त्यांपाठोपाठ त्यांचे दागिनेही.

चॉकलेट अंगावर घालण्यात एक नैसर्गिक अडचण आहे. त्यातील कोकोचे लोणी सुमारे 34 अंश सेल्सिअसला, म्हणजे माणसाच्या शरीराच्या तापमानाखालीच, वितळते. त्यामुळे उघडे चॉकलेट बाळाच्या गळ्यात टिकत नाही, ते वेष्टनासह वापरावे लागते. दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या कागदातील गोळ्या यासाठी सर्वांत सोयीच्या. गोळीला न टोचता कागदाच्या पिळावर दोऱ्याची गाठ मारून एकीला दुसरी जोडत गेले की हार होतो. हलव्याच्या गाठीचीच ही युक्ती असून येथे काट्याचे काम कागदाचा पीळ करतो. मुकुटासाठी बाळाच्या डोक्याच्या मापाची पुठ्ठ्याची पट्टी कापून तिच्यावर लहान चॉकलेटवड्या वेष्टनासह उभ्या बसवतात. दुहेरी चिकटपट्टी फक्त वेष्टनाला लागत असल्याने समारंभानंतर त्या सोडवून खाता येतात. या दृष्टीने पाहिले तर चॉकलेटचा मुकुट हा डिंकाने चिकटवलेल्या हलव्याच्या मुकुटापेक्षा जुन्या रीतीच्या अधिक जवळचा आहे, हे परंपरेच्या अभिमान्यांना कदाचित रुचणार नाही.

परदेशातील मराठी कुटुंबांत बोरे व घाटे सहसा मिळत नाहीत. तेथे द्राक्षे, लाह्या, मार्शमेलो आणि छोटी चॉकलेटे यांनी बोरन्हाण होते. हलव्याचे दागिने भारतातून मागवतात, आणि दूरच्या प्रवासात काटे मोडू नयेत म्हणून ते कापसात गुंडाळून कडक डब्यात पाठवतात.

मिठाईपासून शोभेच्या वस्तू करण्याची हौस विवाहातील रुखवतातही दिसते. साखरेच्या चौकोनी तुकड्यांचे तुळशीवृंदावन, बिस्किटांची बैलगाडी ही त्याची उदाहरणे. गुढीपाडव्याला गुढीस बांधली जाणारी साखरेची गाठी ही याहून वेगळी. ती साच्यात ओतून, दोऱ्यासकटच घडवली जाते.

घ्यावयाची काळजी

बोरन्हाणाचे बाळ बहुधा वर्षाच्या आतबाहेरचे असते आणि त्या वयात हाती लागेल ते तोंडात जाते. हलवा, शेंगदाणे, टणक गोळ्या आणि अखंड द्राक्षे यांनी लहान मुलांच्या घशात अडकण्याचा धोका असतो. म्हणून ओतावयाच्या सामग्रीत बाळासाठी चुरमुऱ्यांसारखे हलके पदार्थ ठेवून टणक खाऊ मोठ्या मुलांना हातात देणे इष्ट असते. उसाचे करवे व जड चॉकलेटवड्या उंचावरून ओतल्यास डोळ्याला इजा होऊ शकते. दोरा सुटलेला, मणी वा टिकल्या निघू लागलेला दागिना बाळाच्या अंगावरून लगेच काढावा. गळ्यातील हार सैल आणि सहज तुटेल अशा दोऱ्याचा असावा. घट्ट, न तुटणारा दोरा बाळाच्या गळ्यात घालू नये. रंगीत हलवा घ्यावयाचा असल्यास तो खाण्याच्या रंगाने केलेला आहे ना, हे पाहावे. भारतात अन्नपदार्थांत वापरता येणारे कृत्रिम रंग कायद्याने मोजकेच ठरवून दिलेले आहेत.

हलवा हवेतील ओलावा शोषून घेतो आणि मग काटे बोथट होतात. तयार दागिने हवाबंद डब्यात, कागदाच्या घड्या घालून ठेवतात. डब्यात चार लवंगा टाकण्याची रीत आहे. मुंग्या त्याने दूर राहतात असे म्हणतात, पण डबा पाण्याच्या ताटात ठेवण्याचा उपाय अधिक खात्रीचा. शीतकपाटात ठेवलेला दागिना बाहेर काढताच त्यावर दव धरते, त्यामुळे तो तेथे ठेवू नये.