माहूरची शिखरं, पायी

आर्णीकडच्या माणसाला माहूर काही नवं नाही. धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा मागे पडतो, नांदेड जिल्हा सुरू होतो आणि डोंगर दिसू लागतात. लग्न झालं की जोडप्याला तिकडे नेतात, नवस फेडायलाही तिकडेच जातात. मात्र आपण जातो ते गाडीने. पायथ्याशी गाडी लावायची, रेणुकेची ओटी भरायची, तसंच दत्तशिखर, अनसूया आणि संध्याकाळच्या आत घर! माझं आग्रहाचं सांगणं आहे की एक अख्खा दिवस काढा आणि ही शिखरं पायी जोडा.

माहूरची कथाही पायपिटीचीच आहे. सहस्रार्जुनाने जमदग्नींचा वध केला, तेव्हा परशुरामाने कावड खांद्यावर घेतली. एका पारड्यात वडिलांचं शव, दुसऱ्यात आई रेणुका. अग्नी देण्यासाठी कोरी भूमी शोधत तो निघाला आणि ती त्याला इथे सापडली. दत्तात्रेयांनी विधी सांगितले, रेणुका सती गेली. पुढे आईच्या आठवणीने तो व्याकूळ झाला. आई जमिनीतून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस, अशी आकाशवाणी झाली. त्याला राहवलं नाही, त्याने पाहिलं. तोवर फक्त मुख वर आलं होतं. म्हणून साडेतीन पीठांतल्या या पीठात पूर्ण मूर्ती नाही. शेंदूर माखलेला, सुमारे ५ फूट उंचीचा तांदळा आहे.

रेणुकेच्या पायऱ्या सकाळीच चढाव्यात. दुतर्फा दुकानांत खलबत्ते वाजत असतात. विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप कुटून लालसर तांबूल तयार होतो. इथला प्रसाद तोच. ओलसर गोळा पानात बांधून हातात देतात आणि त्याचा वास दिवसभर बोटांना राहतो.

शेजारीच रामगड आहे. देवीला येणाऱ्यांतले फार थोडे तिकडे वळतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. हत्ती दरवाजा, लांबच लांब तटबंदी, आत इंजाळा तलाव. वऱ्हाडच्या राजकारणात हा किल्ला मोक्याचा होता. मुघलांच्या बाजूने लढणारी रायबागन, म्हणजे सावित्रीबाई देशमुख, याच माहूरची. नवरा गेल्यावर तिने फौज सांभाळली. औरंगजेबाने तिला हा किताब दिला. १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं, तेव्हा शरण जाण्याचा शहाणा सल्ला देणारी तीच.

पुढची वाट दत्तशिखराची. दिवाळीच्या सुमारास गवत कमरेपर्यंत वाढून पिवळं पडलेलं असतं, कुसळं मोज्यांत घुसतात. साग, तेंदू, मोह, पळस असं हे रान. दत्तप्रभू दिवसभर कुठेही संचार करोत, निद्रेला माहूरलाच येतात, अशी श्रद्धा आहे. महानुभाव पंथीयांनाही हे क्षेत्र तितकंच जवळचं. त्यांचं देवदेवेश्वर इथेच आहे. एकाच डोंगररांगेवर शाक्त, दत्तभक्त आणि महानुभाव अशा वाटा एकत्र येतात, आणि गावात सोनापीर दर्ग्यालाही माणसं जातात.

दत्तशिखराच्या पुढे अनसूयेचं शिखर, दत्ताच्या आईचं. परशुरामाच्या आईपासून निघालेली वाट तिथे पोचते. गर्दी तिथवर येता येता विरळ होते. खरं तर निवांत बसायला तीच जागा. गाडीतून उतरून पाच मिनिटांत दर्शन घेणाऱ्याला हा क्रम लक्षातही येत नाही. नारळी पौर्णिमेला मात्र हजारो माणसं पायीच परिक्रमा करतात, म्हातारी माणसं आणि अनवाणी बायाही.

पाणी भरपूर घ्या, पायांत बूट घाला आणि मळलेल्या वाटेनेच जा; हे अस्वलांचं रान आहे. अनसूयेहून उतरायला ऊन कलायच्या आत निघा, म्हणजे मातृतीर्थ तलावाशी थोडं थांबून संध्याकाळची एसटी गाठता येते.