सॉक्रेटिक प्रश्नपद्धती (मानसोपचार)

सॉक्रेटिक प्रश्नपद्धती ही बोधात्मक वर्तनोपचारातील (सीबीटी) संवादाची एक प्रमुख पद्धत आहे. तीत उपचारक रुग्णाला त्याचा विचार चुकीचा असल्याचे सांगत नाही. क्रमाने विचारलेल्या खुल्या प्रश्नांच्या साहाय्याने रुग्ण आपला विचार, त्यामागील पुरावा आणि त्याचे परिणाम स्वतः तपासतो. या प्रक्रियेला ‘मार्गदर्शित शोध’ असेही म्हणतात. चंद्रपूर व गडचिरोलीसारख्या वनक्षेत्रांत, जेथे भीतीचे कारण पुष्कळदा खरे असते, तेथे ही पद्धत वापरताना वास्तव धोका आणि त्याविषयीचा निष्कर्ष यांत भेद करणे अत्यावश्यक ठरते.

उगम

पद्धतीचे नाव ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस (मृत्यू इ.स.पू. ३९९) याच्यावरून पडले आहे. सॉक्रेटिसने स्वतः काही लिहिले नाही. त्याची प्रश्न विचारण्याची रीत मुख्यतः प्लेटोच्या संवादांतून ज्ञात आहे. ‘थीएटेटस’ या संवादात तो आपल्या कामाची तुलना सुईणीच्या कामाशी करतो: विचार समोरच्याचाच असतो, प्रश्न विचारणारा केवळ तो जन्माला येण्यास साहाय्य करतो. मात्र प्लेटोच्या अनेक संवादांत प्रतिपक्ष अखेरीस निरुत्तर होतो. मानसोपचारात असे निरुत्तर करणे अभिप्रेत नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक (१९२१–२०२१) यांनी १९६० च्या दशकात बोधात्मक उपचार विकसित केले. नैराश्यावरील उपचारांविषयी त्यांनी सहकाऱ्यांसह १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रश्न विचारण्याला मध्यवर्ती स्थान आहे. अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतही प्रश्न विचारले जातात. परंतु तेथे अविवेकी समजुतींचे खंडन अधिक थेटपणे केले जाते. एलिस यांची पद्धत भारतात रुजवण्यात मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांचा मोठा वाटा आहे.

स्वरूप आणि टप्पे

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीन पॅडेस्की यांनी १९९३ मध्ये लंडन येथील परिषदेत एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला: या प्रश्नांचा हेतू रुग्णाचे मत बदलणे हा आहे, की त्याच्या शोधाला दिशा देणे हा? उत्तर आधीच ठरवून विचारलेले प्रश्न उलटतपासणीसारखे होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी या संवादाचे चार टप्पे सांगितले:

१. माहिती देणारे प्रश्न – ज्यांचे उत्तर रुग्णाला ठाऊक आहे, पण ज्याकडे सध्या त्याचे लक्ष नाही.
२. लक्षपूर्वक ऐकणे – शब्दांबरोबरच भावना व अनपेक्षित तपशील टिपणे.
३. सारांश – मिळालेली माहिती रुग्णापुढे एकत्र मांडणे.
४. संश्लेषक प्रश्न – नव्या माहितीच्या प्रकाशात मूळ विचाराकडे आता कसे पाहता, असे विचारणे.

चौथा टप्पा गाळल्यास माहिती जमा होते, पण रुग्णाचा निष्कर्ष तसाच राहतो.

वनक्षेत्रातील उदाहरण

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आणि ब्रह्मपुरी वनविभागाच्या परिसरात मानव-वाघ संघर्ष तीव्र आहे. मोहफुले रात्री व पहाटे गळतात. त्यामुळे ती वेचणारे लोक उजाडण्यापूर्वीच जंगलात जातात आणि वाकून काम करताना हल्ल्याला बळी पडण्याचा संभव असतो. अशा मृत्यूनंतर कुटुंबीयांमध्ये दुःखाबरोबर अपराधभावही दिसू शकतो. पुढील संवाद काल्पनिक असून केवळ पद्धत स्पष्ट करण्यासाठी दिला आहे. पतीच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी एक स्त्री म्हणते, ‘मीच त्यांना पाठवले, त्यांच्या मृत्यूला मीच जबाबदार.’

समुपदेशक: ताई, त्या पहाटे जायचे कसे ठरले?
स्त्री: मोहाचा हंगाम होता. रोज दोघे जायचो. त्या दिवशी मला ताप होता, म्हणून म्हटले, तुम्ही जाऊन या.
समुपदेशक: तेव्हा त्या बाजूच्या जंगलाविषयी तुम्हाला काय ठाऊक होते?
स्त्री: आठवडाभर कोणाला वाघ दिसला नव्हता. सारे गाव जात होते.
समुपदेशक: आज ठाऊक आहे, पण तेव्हा ठाऊक नव्हते, असे काय?
स्त्री: वाघ तिथे बसला आहे, हे.
समुपदेशक: शेजारणीवर हाच प्रसंग आला असता, तर तिला काय म्हणाला असता?
स्त्री: तू मारले नाहीस, पोटासाठी जावेच लागते, असे म्हटले असते.
समुपदेशक: ताप होता, गाव जात होते, वाघ असल्याचे कोणालाच माहीत नव्हते. हे सारे एकत्र पाहिले, तर ‘मीच जबाबदार’ या विचाराविषयी आता काय वाटते?
स्त्री: मी पाठवले, हे खरे. पण मरायला पाठवले नव्हते.

येथे दुःख नाहीसे झालेले नाही. घटनेतील आपला वाटा आणि घटनेचे कारण यांत तिने स्वतः फरक केला आहे. ‘तुमची काही चूक नाही’ असे समुपदेशकाने आरंभीच सांगितले असते, तर ते सांत्वन ठरले असते, शोध नव्हे.

हीच स्त्री ‘जंगलात वाघ आहे, मला भीती वाटते’ असे म्हणाली, तर तो विचार विपर्यस्त नाही. तेथे प्रश्न वेगळे असतात: कोणत्या वेळी धोका अधिक, एकटे जाणे टाळता येईल का, घरात असतानाही तशीच भीती वाटते का? वास्तव धोक्यावर उपाय सुरक्षिततेचाच करावा लागतो.

भाषा आणि मर्यादा

मराठीत ‘असे का वाटते?’ हा प्रश्न जाब विचारल्यासारखा ऐकू येऊ शकतो. ‘कशावरून’, ‘केव्हा’, ‘त्या वेळी मनात काय आले’ ही रूपे अधिक खुली असतात. वन्यप्राण्याच्या हल्ल्यानंतर कुटुंबाला पंचनामा व चौकशीला सामोरे जावे लागते. त्यामुळे समुपदेशकाचे प्रश्नही चौकशीचाच भाग वाटण्याची शक्यता असते. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या व्यक्तीशी दुभाष्यामार्फत संवाद होत असल्यास प्रश्नाचा सूर बदलणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

आघातानंतरच्या पहिल्या दिवसांत विचार तपासण्यापेक्षा सुरक्षितता, आधार व व्यावहारिक मदत महत्त्वाची असते. आत्महत्येचा विचार व्यक्त झाल्यास खुलेपणाने विचारणा करून तातडीने तज्ज्ञांची मदत मिळवणे आवश्यक असते. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

संशोधन आणि उपलब्धता

अमेरिकेत नैराश्याच्या ५५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या सत्रात उपचारकाने सॉक्रेटिक प्रश्नांचा अधिक वापर केला, त्यानंतरच्या सत्रापर्यंत लक्षणांत अधिक सुधारणा दिसली.

तज्ज्ञ दुर्मीळ असलेल्या भागांत प्रश्न विचारणार कोण, हा प्रश्न उरतो. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१७) प्रशिक्षित बिगरतज्ज्ञ समुपदेशकांनी नैराश्यावर उपचार दिले. ३ महिन्यांनंतर त्यांच्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. हा कार्यक्रम वर्तन-सक्रियतेवर आधारित असल्याने तो सॉक्रेटिक पद्धतीचा पुरावा ठरत नाही. तथापि, गावपातळीवरील व्यक्ती मानसोपचाराचे संवादकौशल्य आत्मसात करू शकते, हे त्यातून दिसते. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित केलेल्या गावातील स्त्रियांनी नवजात बालकांच्या काळजीत असेच काम केले असून त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.